डाव्या कोपऱ्यातली गाठ

गल्लीतले सर्वजण त्यांना मास्तर म्हणत, आणि ही पदवी शाळेतून नव्हे, शिलाईयंत्रावरून आलेली होती. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. त्यात एक यंत्र, एक कापायचे टेबल आणि एक स्टूल. गिऱ्हाईक आत आले की मास्तरांनी पोट आत घ्यावे, तेव्हा कुठे त्याला वळता येई. परंतु फुटबॉल मैदानाच्या उत्तरेकडील गॅलरीत दर रविवारी जी माणसे बसत, त्यांपैकी निम्म्यांच्या अंगावरचा एखादा तरी टाका या फटीतून गेलेला असे.

मास्तरांच्या गुरूने त्यांना एक आचार घालून दिला होता. काम संपले की दोरा नुसता कापायचा नाही. त्याला दोन वेढे देऊन कापडाच्या आतल्या अंगाला, डाव्या खालच्या कोपऱ्यात, मोहरीएवढी गाठ मारायची. "उसवलं तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळायला हवं," असे गुरू म्हणत. उत्तरदायित्वाची याहून सुटसुटीत व्याख्या थोरामोठ्यांच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल. चाळीस वर्षे मास्तरांनी ती गाठ चुकवली नव्हती, आणि चाळीस वर्षांत शिव्या खाण्याचा प्रसंगही त्यांच्यावर फारसा आला नव्हता.

क्लबच्या मालाला अशी गाठ नव्हती, हेच तर गाऱ्हाणे होते. मैदानाच्या दाराशी क्लबने नवे दुकान थाटले होते. तिथल्या जर्सीचा रंग पहिल्या धुण्यात बादलीत उतरे आणि दुसऱ्या धुण्यात पाठीवरचा आकडा सोलून निघे. दुकानात जाऊन विचारावे, तर तिथली मुलगी म्हणे, "आम्ही फक्त विकतो." खाण्यापिण्याच्या काउंटरचीही तीच कथा. सँडविच बाहेरून कोमट आणि आतून बर्फ. चहा असा, की त्याला चहा म्हणणे हा केवळ परंपरेचा मान. आणि रांग! अकरा वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात क्लबने जो एकमेव गोल केला, तो मास्तरांनी चहाच्या रांगेत पाठीने ऐकला होता. त्या दिवसापासून ते घरून फ्लास्क नेत. मास्तरीणबाई तो भरून देताना न चुकता विचारीत, "अहो, सामना बघायला चाललात की चहा प्यायला?"

आणि अशातच परिपत्रक निघाले. पुढील हंगामापासून गॅलरीत क्लबच्या दुकानातलीच जर्सी चालेल, आणि क्लबच्या काउंटरवरचेच खाद्यपेय. घरी शिवलेले, घरी भरलेले, सारे दाराबाहेर. मास्तरांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता: दुकानातले निम्मे काम जाणार, आणि रविवारही जाणार.

गॅलरीतल्या मंडळींचा म्होरक्या एक निवृत्त बस कंडक्टर होता. नोकरी सुटून सहा वर्षे झाली, तरी गर्दी दिसली की त्याच्या तोंडून "पुढे सरका, पुढे सरका" निघे. तो क्लबच्या व्यवस्थापकाला जाऊन भेटला. व्यवस्थापकाने अट घातली: आमचा माल वाईट आहे म्हणता, तर सिद्ध करा. आकडा सुटलेल्या निदान दहा जर्सी आणा, पण खरेदीनंतर दुसऱ्या कुणाची सुई न लागलेल्या. आणि तसे जाणकाराचे लेखी प्रमाणपत्र आणा. सिद्ध झाले, तर परिपत्रक मागे.

कंडक्टरने बारा जर्सी गोळा केल्या. "दोन जादा असू द्या मास्तर. स्टेपनीशिवाय गाडी काढायची नसते." मास्तरांनी त्या दुकानात एकेक करून दिव्याखाली धरल्या, पाहिल्या, आणि कागदावर सही केली.

पाहिल्या खऱ्या, पण डोळ्यांनी. वर्षभर प्रत्येक दिव्याभोवती त्यांना एक धूसर कडे दिसू लागले होते. डॉक्टरांनी मोतीबिंदूचे निदान करून शस्त्रक्रिया सुचवली होती, आणि मास्तरांनी ती हंगाम संपेतो पुढे ढकलली होती. ही गोष्ट घरात मास्तरीणबाईंना ठाऊक होती. कंडक्टरला नव्हती.

गुरुवारी भर दुपारी दोघे क्लबच्या कार्यालयात जाऊन बसले. व्यवस्थापक वयाने तरुण आणि वाणीने मृदू होता; मृदू वाणीच्या माणसाशी भांडणे मोठे कष्टाचे असते. त्याने पाहुण्यांसाठी काउंटरवरून चहा मागवला आणि स्वतःच्या कपात बाजूच्या फ्लास्कमधून ओतून घेतला.

"साहेब," कंडक्टर म्हणाला, "तुमच्या कपातून वाफ येतेय. आमच्यातून नाही."

"मला पित्ताचा त्रास आहे, म्हणून घरचा घेतो."

"आम्हालाही होतो. तुमचा चहा प्यायल्यावर."

व्यवस्थापक हसला नाही. त्याने प्रमाणपत्र दोनदा वाचले, मग जर्सींच्या चळतीतली वरची जर्सी मास्तरांपुढे सरकवली. "मास्तर, आकडा नेमका कुठून सुटतो, दाखवा की."

पाठीवर नऊचा आकडा होता, अर्धा सुटून लोंबणारा. मास्तरांनी सवयीने त्याखाली बोट घातले, आणि बोट डाव्या खालच्या कोपऱ्यात थांबले.

तिथे मोहरीएवढी गाठ होती.

बोटाने आणखी चाचपले. दोरा बारीक, ठिसूळ. पक्क्या शिलाईचा नव्हेच. कच्च्या टिपेचा, जो काम झाल्यावर ओढून काढायचा असतो. दोन्ही रिळे त्यांच्या खणात शेजारी-शेजारी असत आणि दोन्ही पांढरी. कुणीतरी ही जर्सी त्यांच्याकडे दुरुस्तीला आणली होती, आणि त्यांनी भलतेच रीळ उचलून, मोठ्या निष्ठेने गाठ मारून, ती परत दिली होती.

कागदावर सही होती: दुसऱ्या कुणाच्या सुईचा स्पर्श नाही.

"काय झालं?" व्यवस्थापकाने विचारले.

गप्प राहणे सोपे होते. ती गाठ काय आहे हे त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होते. मास्तरांनी जर्सी खाली ठेवली.

"हा टाका माझा आहे."

कंडक्टरने कप आपटला. "मास्तर!"

"माझा आहे. ही गाठ मी मारतो."

"अहो, पण आधी सुटला म्हणूनच तुमच्याकडे आला ना? मग चूक कुणाची?"

"पहिल्यांदा सुटला तो यांचा. आज सुटलाय तो माझा. कागदावर मी काय लिहिलंय?"

व्यवस्थापक खुर्चीत मागे रेलला. त्याचा आवाज अधिकच मृदू झाला. "म्हणजे प्रमाणपत्र खोटं."

"चुकीचं. दिसलं नाही मला. डोळे अधू झालेत माझे."

कंडक्टरने त्यांच्याकडे असे पाहिले, जसे चालत्या गाडीत ब्रेक नसल्याचे आत्ताच कळावे.

"मग बाकीच्या अकरांवर तरी कसा विश्वास ठेवू?"

"माझ्यावर ठेवू नका," मास्तर म्हणाले. "तुमच्या बोटांवर ठेवा. प्रत्येक आकड्याच्या आतून, डाव्या खालच्या कोपऱ्यात चाचपा. गाठ लागली तर दोष माझा. नाही लागली तर तुमचा."

हे बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की आपण काय पणाला लावले आहे. उरलेल्या अकरांत आपल्या किती गाठी असतील, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हते. अजून दोन निघाल्या की दहाला एक कमी. मग गॅलरी गेली, फ्लास्क गेला, चाळीस वर्षांचा रविवार गेला. आणि घालवणारा कोण, तर मास्तर.

व्यवस्थापकाने बाह्या वर सारल्या. त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच उत्साह दिसला. पहिली जर्सी, बोट कोपऱ्यात फिरले. काही नाही. दुसरी, तिसरी, चौथी. काही नाही. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. नाही तरी ते काय कामाचे होते? कंडक्टर ओठांतल्या ओठांत मोजत होता.

पाचव्या जर्सीशी व्यवस्थापक थबकला. "ही घ्या."

मास्तरांनी चाचपले. गाठ होती. "माझी."

"दोन झाल्या," व्यवस्थापक म्हणाला. "आता एकही नको, नाही का?"

"साहेब, मोजणी मला येते," कंडक्टर घोगऱ्या आवाजात म्हणाला. "उभा जन्म त्यातच गेला."

सहावी, सातवी. आठव्या वेळी व्यवस्थापक मुद्दाम रेंगाळला, मग ती बाजूला पडली. नववी. दहावी. मास्तर तळहात पुन्हा पुन्हा गुडघ्यावर पुसत होते. शेवटची जर्सी उरली. व्यवस्थापकाचे बोट कोपऱ्यात गेले, परत फिरले, पुन्हा गेले.

"आहे," तो म्हणाला. "इथे आहे काहीतरी. टणक आहे."

कंडक्टर उठून उभा राहिला आणि खिडकीकडे तोंड करून थांबला.

मास्तरांनी हात पुढे केला, पण जर्सी घेतली नाही. "दोन वेढे लागतात का बघा. नखानं."

व्यवस्थापकाने नख लावले. ते टणक काहीतरी हलले नाही. त्याने जोर केला. तेव्हा ते तडकले, चिकट पिवळा लोळा त्याच्या नखाशी आला, आणि त्यापाठोपाठ चारचा संपूर्ण आकडा, काठावरच्या दिखाऊ शिलाईसकट, झाडाचे पान गळावे तसा त्याच्या हातात उतरला.

"गोंद," मास्तर म्हणाले.

व्यवस्थापकाने हातातल्या चाराकडे पाहिले. त्याला तो टेबलावर ठेवायचा होता. पण आकडा बोटाला चिकटला होता.

"दहा," शेवटी तो म्हणाला. मग त्याने परिपत्रकाची प्रत ओढली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. कंडक्टरने ती सही उजेडात धरून पाहिली, जशी तो पूर्वी पासावरची तारीख पाहत असे.

दोघे जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर कंडक्टर म्हणाला, "आज तुम्ही बुडवलंच होतं आपल्याला."

"हो."

"डोळ्यांचं सांगायचं नाही का माणसाला?"

"सांगितलं असतं तर तुझी विजार शिवायला दिली असतीस?"

"नसती दिली," कंडक्टर म्हणाला, आणि मास्तरांच्या काखेतल्या त्या गाठीच्या दोन जर्सी त्याने आपणहून स्वतःकडे घेतल्या. रस्ता ओलांडताना त्याने त्यांचा दंडही धरला, आणि जर्सी थेट मास्तरांच्या दाराशी आणून दिल्या.

वाटेत दुकानाच्या खणातून उचललेली दोन्ही पांढरी रिळे घरी येताच मास्तरांनी मास्तरीणबाईंपुढे ठेवली. "यातलं पक्कं कुठलं?"

तिने एक उचलून दिले. ती ज्या गोष्टीची वर्षभर वाट पाहत होती, ती आता आपल्या पायांनी चालत आली आहे, हे तिला कळले. सुईत दोराही तिनेच ओवला. त्यांनी नऊचा आकडा हळूहळू, बोटाने वाट काढत, भोवतीने शिवून घेतला, दोन वेढे दिले आणि गाठ मारली.

"बघ गं. डाव्याच कोपऱ्यात आहे ना?"

"आहे. बरोबर आहे." तिने जर्सी घडी करून ठेवली. "पण दोरा मी ओवला. आता उसवलं तर शिव्या कुणाला?"

"सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ," मास्तर म्हणाले. "तोवर निम्म्या तुला."