हितगुज
तुरीच्या ओल्या शेंगा सोलल्या की नखांना हिरवट वास लागतो आणि मोताळ्याचं सासरचं अंगण आठवतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मी नवी सून. माहेरपणाला आलेली नणंद शेंगांची टोपली मध्ये ओढून म्हणाली, “वहिनी, हितगुज करू नं वं. पोटात काय ठेवून राह्यली?” मी भाबडी, सांगून टाकलं: यांनी मलकापुरात स्टेशनामागे दोन खोल्या पाहिल्यात, सासूबाईंना अजून माहीत नाही. “मी कोणाले नाही सांगत,” ती म्हणाली. आणि खरंच, स्वतःच्या नवऱ्याशिवाय कोणाजवळ बोलली नाही. संक्रांतीला माझ्या हातावर तिळगूळ ठेवून निघाली, ती थेट त्याच खोल्यांत बिऱ्हाड थाटायला. मी मोताळ्यातच राहिले. हितगुज करणं असं आता बोलताना फारसं कोणी म्हणत नाही, तेच बरं. आमच्यात गूज माझं होतं, हित तिचं.