माझ्या गोष्टीचा एजंट

बारामतीच्या एमआयडीसीत नवे कारखाने निघत होते, तेव्हाची ही हकिकत. रेडिओवर ऐकलं, की परदेशात लिहिणारा माणूस छापणाऱ्याकडे स्वतः जात नाही. त्याचा एजंट जातो आणि सगळं तोच बोलतो. मला फार बरं वाटलं. चौथीपर्यंतच शिकले तरी मी एक गोष्ट लिहिली होती, पण परक्या माणसापुढे माझं तोंड उघडत नसे. गोष्ट दिवाळी अंकात यावी आणि मला एक अक्षर बोलावं लागू नये, एवढंच हवं होतं.

घरी मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. ते म्हणाले, "एजंट व्हय? मग आपलं तात्या हायत की!"

तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. इंदापूरच्या बाजारात जनावरांची दलाली करायचे. आल्या आल्या त्यांनी जनावराचं वय विचारावं तसं विचारलं, "सूनबाई, किती दाताची हाय?"

"तात्या, गोष्ट हाय ती. कागदावरची," मालक म्हणाले.

"आसंना का. खपवायचीच हाय न्हवं?"

बारामतीत एक छापखानेवाले दिवाळी अंक काढायचे. आम्ही तिघं तिथं गेलो. मी दाराबाहेरच, पदर दातांत धरून. आत तात्या सुरू झाले, "सायेब, लई गरीब हाय. पोरासोरांनी हात लावला तरी लाथ मारायची न्हाय. आन् घरचीच पैदास हाय."

मग त्यांनी उपरणं हातावर टाकून पुढे केलं. बाजारात उपरण्याखाली बोटं दाबूनच सौदा होतो, भोवतीच्यांना कळू नये म्हणून. साहेबांनी घाबरत हात घातला.

"हे काय?"

"चार बोटं. चार पानं द्या."

साहेबांनी एकच बोट दाबलं असावं, कारण तात्या ओरडले, "एका पानात शेपूट बी मावायचं न्हाय!"

"अहो, पण गोष्टीत आहे काय?"

तात्यांना वाचता येत नव्हतं. पण गिऱ्हाईक सोडायची सवयही नव्हती. "खिलारी बैल हाय. पांढराफेक!"

माझ्या गोष्टीत बैल नव्हता. एसटीत अंडं घालणारी कोंबडी होती. तात्यांनी बोलता बोलता बैलाला पळसदेवला धरणाच्या पाण्यात पोहायला सोडलं, तेव्हा मला राहवेना. "बैल न्हाय! कोंबडी हाय!" मी दारातून ओरडले, आणि कंडक्टर अंड्याचंही तिकीट मागतो तिथपर्यंत सगळी गोष्ट सांगून टाकली. साहेब हसून हसून खुर्चीवरून घसरले. उपरण्याखाली दोन बोटांवर ठरलं.

परतताना मी मालकांना हळूच म्हटलं, "एजंट आणून मलाच बोलावं लागलं की."

तात्यांनी ऐकलं. "गिऱ्हाईक म्हणलं चालवून दावा, तर मालकच दोर धरतो, सूनबाई. आता माझी दलाली. फुडल्या गोष्टीत बैल घाल. खिलारीच."

मी नुसती मान हलवली. वर्षभराचं बोलणं त्या दारातच संपलं होतं.