हातमोजे खाली पडले की

माझा नवरा मारामारी करून पोट भरायचा. असं सांगितलं की वसईच्या मावश्या कपाळाला हात लावतात. गुंड नव्हे हो, पगारी माणूस! तिकडे कॅनडात बर्फावरच्या हॉकीत प्रत्येक टीमला असा एक जण लागतो. आपल्या गोल करणाऱ्या पोराला कुणी मुद्दाम धडक मारली, की याने पुढे व्हायचं आणि त्याला बडवायचं. गोलबिल याचं काम नाही. बसमधून गावोगाव फिरून लोकांची नाकं फोडण्यात याची तरुणपणीची वर्षं गेली.

मग तो इकडे आखातात, दोहाला आला, मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर मुलांना शिकवायला. बाहेर माणूस भाजून निघतोय आणि आत बर्फ, असलं हे दोहा! मी इथे हॉस्पिटलात नर्स. एकदा तो हात सुजला म्हणून आला. एक बोट धड सरळ असेल तर शपथ. मी म्हटलं, "हा हात आहे की आल्याचा गड्डा?" मग इंग्रजीत समजावून सांगितलं, तर एवढा हसला की समोरचे नकली दात निसटून हातात आले. झालं, मी तिथेच खलास.

लग्नानंतर वसईला नेला, तर सगळ्यांनी त्याच्या ताटात बोंबील वाढवाढ वाढले. त्या आठवड्यात तो मराठीतला एकच शब्द पक्का शिकला, 'नको'.

त्याच्या धंद्याची एक रीत होती. ती तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. आधी समोरच्याला विचारायचं, होऊन जाऊ दे का? त्याने हो म्हटलं की दोघांनी हातमोजे बर्फावर टाकायचे. डाव्या हाताने त्याचा शर्ट पिळून धरायचा आणि उजव्याने ठोसे. तो पडला की थांबायचं. आणि नाही म्हणणाऱ्याला हात लावायचा नाही, कितीही राग आलेला असो. तसं करणाऱ्याला त्यांच्यात कुणी माणूस म्हणत नसे.

एक जण मात्र डोक्यावर पडला. तो वाचला, पुढे खेळलाही, आणि दर नाताळला याला फोन करायचा. नंतर फोन त्याच्या बायकोचे यायला लागले. नवऱ्याला आता आपलं घर ओळखू येत नाही, म्हणायची. हा फोन ठेवून अंगणात उन्हात जाऊन बसायचा. "मी केलं ते," म्हणायचा. मी चिडायचे. "तो काय हात बांधून उभा होता? त्यानेही तुला तेवढंच मारलंय ना!" आपण काय बोलून गेलो, ते तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

तो माणूस गेला आणि वर्षभरात आमच्याकडे सुरू झालं. आमच्या वस्तीचा, अल दुहैलचा, रोजचा रस्ता हा चुकायला लागला. मुलांना तोच धडा पुन्हा पुन्हा शिकवायला लागला, मग नोकरी गेली. डॉक्टरांनी सांगितलं, इतक्या वर्षांचे ठोसे आहेत, आता वाढतच जाणार.

एका शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून येऊन मी मासे साफ करत होते. हाताला रबराचे पिवळे हातमोजे. वळून बघते तर याने गॅस उघडा टाकलेला. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. "जाळून टाकतोस का मला, मेल्या?" असं ओरडून मी हातमोजे काढले आणि जमिनीवर आपटले.

तो खुर्चीतून उठला. त्या वयातही किती चटकन उठला! डाव्या हाताने माझा गाऊन गळ्यापाशी पिळून धरला, उजवी मूठ मागे गेली. डोळे माझ्यावरच होते, पण त्यांत मी नव्हते. मग त्याने इंग्रजीत अगदी अदबीने विचारलं, "होऊन जाऊ दे का?"

कसंबसं तोंडातून निघालं, "नको. नको रे."

मूठ खाली आली. त्याने माझ्या डोक्यावर दोनदा थोपटलं, कुणा खेळाडूला थोपटावं तसं, आणि जाऊन बसला. थोड्या वेळाने शुद्धीवर आल्यासारखा म्हणाला, "गाऊन कशाने फाटला?" मी म्हटलं, दाराला अडकला. पण त्या पिळाच्या चुण्या त्याने जन्मभर पाहिलेल्या. तो रडला, मग मीही रडले.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः जाऊन कडी घेऊन आला आणि बेडरूमच्या दाराला आतून बसवली. मी रात्रपाळी करून दिवसा झोपते, म्हणून. मी खूप भांडले. "नवऱ्याला बाहेर ठेवून झोपू होय? लोक काय म्हणतील?" तो म्हणाला, "एक दिवस मी विचारायचं विसरेन. मग तुझं 'नको' कोण ऐकणार?"

तेव्हापासून रोज सकाळी मी आत जाऊन कडी लावली, की तो येऊन बाहेरून दार ढकलून बघायचा. दार हललं नाही की "गुड" म्हणायचा आणि हॉलमध्ये टीव्ही लावायचा. त्या एका शब्दावर मला झोप लागायची. बहीण फोनवर म्हणायची, भीती नाही वाटत का गं तुला? मी म्हणायचे, अजिबात नाही, तो आहे ना बाहेर.

या सोमवारी मी कडी लावली आणि आडवी झाले. दार कुणी ढकललंच नाही. टीव्ही चालू होता, तो मजेत काहीतरी गुणगुणत होता. मंगळवारीही तसंच. आपल्यापासून हिला जपायचं आहे, हेच तो विसरला. आज मीच पलंगावरून उठले आणि कडी नीट बसली आहे ना, ते आतून हाताने चाचपून पाहिलं.