दुसऱ्याची पिशवी

चालून सुटणार नाही असा प्रश्न जगात असू शकतो, हे आमच्या समोरच्या घरातल्या मावशींना मान्यच नाही. कॉव्हेंट्रीत चाळीस वर्षं त्यांनी नर्सची नोकरी केली, पण औषधांवर काडीचा विश्वास नाही. नोकरी गेली? चला कालव्याच्या काठानं. नवऱ्याशी वाजलं? त्यालाही घ्या. साडीखाली जाडजूड बूट आणि वर पिवळंजर्द चमकणारं जाकीट हा त्यांचा वेष. तो पाहून एका गोऱ्या आजोबांनी त्यांना कौन्सिलच्या कर्मचारी समजून रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार सुनावली. मावशींनी ती निमूट लिहून घेतली आणि तीन आठवडे कौन्सिलला फोन करकरून खड्डा बुजवून घेतला.

दर मे महिन्यात त्या आम्हा पंधरा-सोळा जणांना बर्मिंगहॅमजवळच्या बालाजीला चालत नेतात. वाट दोन दिवसांची, आणि नियम एकच: स्वतःची पिशवी स्वतः उचलायची नाही. कुणाची कुणी उचलायची ते मावशी ठरवणार. एकदा रीडिंगच्या एका बँकवाल्याच्या पाठीवर ब्रिस्टलच्या बाईंची लोणच्याची बरणी सांडली. तो भडकला. "शर्ट वॉश करता येतो रे," मावशी म्हणाल्या, "पण आता तू तिला जन्मात विसरणार नाहीस." पुढे त्याच्या बायकोच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू ब्रिस्टलहून आले.

यंदा मात्र मी पिशवी सोडायला तयार नव्हतो. फेब्रुवारीत नागपूरला आई वारली. माझा व्हिसाचा अर्ज लटकलेला, देश सोडला तर तो रद्द. तिला शेवटचं पाहिलं ते फोनवर. इथल्या बालाजीच्या देवळातल्या देवीसाठी तिनं घेऊन ठेवलेली हिरवी साडी भावानं पाठवली होती, ती त्या पिशवीत होती.

"मावशी, ही मीच नेणार. आईसाठी एवढं तरी करू द्या मला."

"आईचं नाव काय रे?"

"शालिनी."

"बॅग इकडे दे."

दोन दिवस मी फुरंगटून सगळ्यांच्या मागे चाललो. पिशवी थोड्या थोड्या अंतरानं नव्या खांद्यावर जात होती, आणि दर वेळी मावशी त्या माणसाच्या कानाशी लागत होत्या. मला वाटलं, माझीच तक्रार सांगताहेत. म्हातारीचा मला मनापासून राग आला होता.

देवळात पुजाऱ्यांनी साडी घेऊन विचारलं, "व्हॉट नेम?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून सगळे एकदम म्हणाले, "शालिनी." मी वळून पाहिलं. बँकवाला, ब्रिस्टलच्या बाई, सगळे हात जोडून उभे होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं, तेही भर देवळात, हुंदके देऊन.

आईला खांदा द्यायला मी नव्हतो, ही सल काही जायची नाही. पण त्या दिवशी तिचं नाव घ्यायला एवढी माणसं उभी होती, आणि त्यांतल्या एकानंही तिला कधी पाहिलेलं नव्हतं.