क्लच नसलेली गाडी

महिपतीचा डावा गुडघा कामातून गेला होता आणि ही गोष्ट अख्ख्या पेणमध्ये दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि त्याच्या बायकोला, मालूला. ड्रायव्हरने गुडघ्याचं रडगाणं गायचं म्हणजे आपल्या हाताने नोकरीवर पाणी सोडायचं. तेवढा तो खुळा नव्हता. दत्तात्रेय शेठचा गणपतींचा कारखाना; त्यांची सून भूमिका रोह्याच्या एका कंपनीत कामाला. तिला रोज रोह्याला न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे महिपतीचं काम. वडखळच्या गर्दीत क्लच दाबताना त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. गुडघा साथ देत नाही म्हणून तो दातओठ खात, सगळा जोर लावून पाय हाणायचा. घरी आला की मालू तेल चोळायची आणि चोळता चोळता बोलायची.

"सोडा आता ती गाडी."

"सोडून करू काय गो? गाडीबिगर मला दुसरं येतंय काय?"

मिसरूड फुटल्यापासून हा माणूस स्टिअरिंगमागे. शेतीत कधी रमला नाही, कारखान्यात मातीला हात लावला नाही. गाडी गेली तर आपण घरात नुसते पडून राहणार, या विचाराने त्याचा जीव कासावीस व्हायचा.

शेठ गाडी बदलणार असं कानावर आलं आणि महिपतीने डोकं लढवलं. उठता-बसता त्याने शेठपुढे ऑटोमॅटिक गाडीचे गोडवे गायला सुरुवात केली. क्लच नाही, गिअरची कटकट नाही, गर्दीत कसा आराम! डाव्या पायाला कामच नाही, एवढं मात्र त्याने पोटात ठेवलं. माणूस आपल्या सुखाची किती काळजी करतो, म्हणून शेठ भारावले. गाडी दारात आली, तिला हार घालताना महिपतीचे डोळे भरून आले.

डावा पाय सीटखाली ओढून ठेवायचा आणि सगळं उजव्यानेच करायचं, हे त्याने मोकळ्या मैदानात फेऱ्या मारून अंगी बाणवलं. काही दिवस तो खरोखर सुखात होता.

मग भूमिकाने शिकवाल का म्हणून विचारलं. जुन्या गाडीवर तिने एकदा प्रयत्न केला होता. रामवाडीला चढावर गाडी बंद पडली, मागून एसट्या कोकलायला लागल्या, आणि रडत उतरलेली ही बाई पुन्हा स्टिअरिंगला शिवली नव्हती. आता क्लचच नाही म्हटल्यावर तिला धीर आला. महिपती नाही कसं म्हणणार? बाजूला बसून तो शिकवत गेला आणि ती भराभर शिकत गेली. नागोठण्यापासून रोह्यापर्यंत तर तीच गाडी नेऊ लागली. एक दिवस चहा पिताना शेठ हसत म्हणाले, सूनबाई तयार झाली की महिपतीला सुट्टी. महिपतीही हसला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आपल्याच पायावर आपण धोंडा पाडून घेतला, हे त्याला कळून चुकलं होतं.

पुढल्याच आठवड्यात रोह्याहून परतताना वडखळच्या अलीकडे ट्रकांची कोंडी लागली. गाडी भूमिका चालवत होती. दोन्ही बाजूंनी ट्रक अंगावर आले तशी ती ब्रेक दाबून थांबली. पुढे फट होती, गाडी सहज निघाली असती. तिने घाबरत विचारलं, "काका, घालू का?"

घाला म्हणायला हवं होतं, आणि ते त्याला चांगलं माहीत होतं.

"ताई, तुमच्यानं नाय व्हायचं," तो म्हणाला. "जीवाशी खेळ हाय ह्यो. उतरा, मी घेतो."

भूमिकाचा चेहरा पडला. तिने मुकाट्याने गाडी कडेला घेतली आणि जागा बदलली. महिपतीला लाज वाटली, पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता. नोकरी वाचली होती. आता ही पुन्हा हात लावत नाही, शेठला काय सांगायचं, याच विचारात त्याने फटीतून गाडी काढली आणि पुढे थोडं मोकळं दिसताच वेग घेतला. डावा पाय सीटखाली घ्यायचं राहून गेलं. पुढची रिक्षा अचानक हळू झाली आणि आयुष्यभराच्या सवयीने तो पाय पुढे झेपावला, क्लच समजून सगळा जोर लावून आदळला, तो ब्रेकवर. गाडी भर हायवेवर जागच्या जागी थांबली. पट्टा होता म्हणून भूमिका काचेवर गेली नाही. मागचा ट्रक किंचाळत हातभर अंतरावर उभा राहिला.

गाडी हलवायला हवी होती, पण गुडघा आखडला होता. महिपतीने दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय ब्रेकवरून काढला. भूमिका बघत होती.

"काका, कधीपासून असं आहे?"

ती उतरली, वळसा घालून आली, दार उघडून तिने त्याला हाताला धरून उतरवलं आणि पलीकडे बसवलं. मग उरलेल्या कोंडीतून तिने गाडी काढली. पेण येईपर्यंत तिची एकही चूक झाली नाही.

"शेठला सांगू नका, ताई," गाडी घराकडे वळली तेव्हा तो म्हणाला.

"मी नाही सांगणार, काका. पण मला मरायचं नाही, आणि तुम्हालाही मारायचं नाही."

शेठ अंगणातच होते. सुनेला गाडी आणताना पाहून त्यांना कोण आनंद झाला. महिपती दार धरून कसाबसा उभा राहिला, तोवर त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. वडखळातूनसुद्धा हिनेच आणली का, म्हणून विचारलं.

"व्हय शेठ," महिपती म्हणाला. "ताई शिकल्या. उद्यापासून मी नाय आलो तरी चालंल."