दोन्ही बाजूंच्या चुका

चिकलठाण्याच्या औषध कंपनीत माझं काम बघण्याचं होतं. नुसतं बघण्याचं. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या ट्यूबलाइटखाली धरायच्या, अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या पाटीसमोर उलट्या करायच्या आणि आत काचेचा कण, कापसाचा तंतू, काळा ठिपका असं काही तरंगतंय का ते पाहायचं. चांगली कुपी पांढऱ्या ट्रेमध्ये, खराब लाल ट्रेमध्ये. मामा गल्लीभर सांगायचा की भाची कंपनीत बसून पगार घेते. जे मला जन्मात कधी जमलं नव्हतं नेमका त्याचाच पगार मिळतोय, हे त्याला कोण सांगणार?

माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. खुलताबादच्या डोंगरावर मेंढरांमागं होते तेव्हाही नसायचं. पोट भरलेलं, डोक्याला कसला घोर नाही, मी मजेत बसलेली, आणि मेंढरं माझ्या डोळ्यांदेखत कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरायची. मला ती दिसायची, पण दिसून काही उपयोग व्हायचा नाही. वडील म्हणायचे, डोळं उघडं हायेत पोरीचं, पण आत कुनी नाय.

दहावी झाल्यावर मामानं शहरात आणून कंपनीत चिकटवलं. तात्पुरती. परमनंट करायच्या आधी परीक्षा असायची. साहेब चांगल्या कुप्यांत मुद्दाम काही खराब कुप्या मिसळायचे आणि ट्रे पुढं ठेवायचे. खराब सगळ्या सापडायला हव्यात आणि चांगली वाया जाता कामा नये. नापास झालं की चालतं व्हायचं. गावात माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलेलं होतं. त्याच्याविषयी एवढंच सांगते, की त्याची मेंढरंसुद्धा त्याला भ्यायची.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. साहेब रागावले नाहीत, उलट बुचकळ्यात पडले. म्हणाले, "जी निष्काळजी असते ती खराब सोडते. जी भित्री असते ती चांगली फेकते. तू दोन्ही करतेस. हे मी आजवर पाहिलं नाही." पुढच्या आठवड्यात आणखी एक संधी देतो, असं सांगून ते गेले. मी लाल ट्रेमधल्या कुप्या पुन्हा एकेक करून उजेडात धरायला लागले.

त्यांनी बाहेरून पाहिलं ते मी आतून रोज भोगत होते. कुप्या फिरवता फिरवता मन निघून जायचं. दचकून परत यायचं तेव्हा मधल्या दोन-चार कुप्या माझ्या हातून गेलेल्या असायच्या आणि त्यांत काय होतं ते मला ठाऊक नसायचं. मग भीती वाटायची. कुणाच्या तरी लेकराच्या दंडात काच जाणार आणि ती मी सोडलेली असणार. भीतीपोटी पुढची प्रत्येक कुपी तीन-तीनदा बघायची. तीनदा बघितलं की चांगल्या पाण्यातही ठिपका दिसतो, कुणीही बघून घ्यावं. ती लाल ट्रेमध्ये जायची. डोळे शिणायचे, आणि शिणलेलं मन पुन्हा निघून जायचं.

हे माझ्या तोंडावर कुणाला दिसलं नाही, कारण तेव्हा सगळं शहरच घाबरलेलं होतं. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत होते, बंद पुकारले जात होते, कंपनीची बस शहागंज टाळून लांबून जायची. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसणारी ताई विद्यापीठाकडच्या वस्तीत राहायची. तिचा भाऊ प्रत्येक मोर्चात असायचा. मामानं मला बजावलं होतं, त्या भानगडीत पडू नकोस. भानगड माझ्या कोपराला कोपर लावून बसलेली होती, आणि तिच्या डब्यातला ठेचा मला फार आवडायचा.

पुढं पन्नाशी ओलांडल्यावर औरंगपुऱ्यातल्या एका डॉक्टरांनी माझी मन भरकटण्याची खोड आणि माझी भीती, या दोन्हींना नावं दिली. एकीला एडीएचडी, दुसरीला अँक्झायटी. वरवर दोघी सारख्याच दिसतात, म्हणाले. दोघींत वाचलेलं डोक्यात राहत नाही, बूड एका जागी टेकत नाही. त्यांनी विचारलं, काही काळजी नसताना, अगदी आनंदात असतानाही लक्ष जायचं का? मी हरभऱ्याची गोष्ट सांगितली. म्हणजे ती जन्माची सोबतीण, म्हणाले, आणि भीती तिच्या पाठीमागून आलेली. गोळीनं मन जरा जागेवर राहायला लागलं तशी भीती निम्मी कमी झाली, पण निम्मीच. उरलेलीसाठी वेगळी शिकवणी लागली: एकदा बघायचं, आणि पुन्हा बघायची कितीही वळवळ झाली तरी दुसऱ्यांदा बघायचं नाही. इतकं साधं ऐकायला पैसे मोजावे लागतात याचा मला रागच आला. पण ते करायला जीव किती लागतो हे मला आधीच माहीत होतं, त्या दुसऱ्या परीक्षेच्या दिवसापासून.

त्या दिवशी मोर्चा होता. ताईचा भाऊ पहाटेच घरून गेलेला, आणि लाठीमार झाल्याची बातमी दुपारी गेटवर येऊन थडकली. पुढं काही कळेना. ताईचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तिचे हात बरोबर चालले होते. मी मात्र एकच कुपी चौथ्यांदा उलटी करत होते. तुला भीती वाटत नाही का, असं मी तिला हळूच विचारलं.

ती पाटीवरची नजर न काढता म्हणाली, "वाटती की. लई वाटती. पन ती कशाची हाय ते मला ठावं हाय. तुला तुझ्या भीतीचं कारन ठावं नाय, म्हनून तू ते बाटलीत हुडकतीस."

मग तिनं माझा पांढरा ट्रे वाकल्याशिवाय हात पोचणार नाही इतका लांब सरकवला. ठेवलेली कुपी परत घ्यायची नाही, म्हणाली.

परीक्षेला बसल्यावर मी ट्रे तसाच लांब ठेवला. मन जाऊ नये म्हणून प्रत्येक कुपीला ओठांतल्या ओठांत एकेका मेंढीचं नाव दिलं, वडील संध्याकाळी एकेकीला हाक मारून आत घ्यायचे तसं. कुपी ठेवली की हात तिच्याकडं ओढ घ्यायचा. मी तो मांडीखाली दाबायचे. भीती तशीच होती, आणि त्यातच मी पुढची कुपी उचलत होते. साहेबांनी दोन्ही ट्रे तपासले आणि मान हलवली. परमनंट.

संध्याकाळी बस विद्यापीठाच्या वळणावर थांबली तर ताईचा भाऊ तिथंच उभा होता, डोक्याला पट्टी बांधलेला, पण आपल्या पायांवर उभा. ताई त्याला पाहून रडली नाही. तिचे खांदे खाली आले आणि तिनं एक जांभई दिली. तिला जांभई देताना मी त्या आठवड्यात पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या डोक्यावर टपली मारून ती भावाबरोबर चालायला लागली.

बस पुढं निघाली. ताईचा भाऊ सुखरूप होता, नोकरी पक्की झाली होती, गावातलं स्थळ टळलं होतं. घाबरावं असं काही म्हणजे काही उरलं नव्हतं, आणि मी इतकी घाबरले होते की मामाच्या घराचा थांबा आला नि गेला, तरी मला जागेवरून उठता आलं नाही.