दादाचा डावा डोळा

"एवढा मोठा चँपियन, अन् डोळ्यात थेंब घालायला घाबरतोय बघा."

डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या आजी त्यांच्या सुनेला सांगत होत्या. हळू आवाजात, पण ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला ऐकू जाईल इतपतच हळू. समोर माझा बॉक्सर दादा मान मागे टाकून बसला होता आणि बाटली जवळ आली की पापण्या घट्ट मिटत होता.

"अहो, उघडा डोळा," सिस्टर म्हणाल्या. "ठोसे खाताना उघडा ठेवता ना?"

आजी हसल्या, दादाही हसला. मला हसू आलं नाही. गेले काही आठवडे मी त्याच्याकडे बघत होते. पाण्याचा ग्लास तो टेबलाच्या कडेवर ठेवायला जायचा आणि ग्लास खाली पडायचा. प्रत्येक वेळी डाव्या बाजूला.

थेंबांनी बाहुली मोठी झाल्यावर डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावून बराच वेळ आत बघितलं. मग ते माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "रेटिनल डिटॅचमेंट. डावा डोळा. तुम्ही उशीर केलात." काउंटरवर मी इंग्रजीत बोलले होते, म्हणून सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. "आईंना तुम्ही समजवा."

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मी मुळात कमी बोलते, आणि अशा गोष्टी मराठीत कधी सांगाव्या लागल्या नव्हत्या. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. आपल्याला दिसतं ते त्याच्यावर उमटतं. ओल आलेल्या भिंतीचा रंग सुटतो, तसा दादाचा पडदा सुटत चालला होता. हे मी आईला कसंबसं सांगितलं.

आई फॉल-पिकोची कामं करते. तिने विचारलं, "सुटलाय ना? फाटला तर नाही?"

"दोन्ही," डॉक्टर मराठीत म्हणाले.

कुणाच्या घरी असं घडू नये, पण घडलंच तर कळावं म्हणून हे लिहिते आहे. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागले, ज्यांना फ्लोटर्स म्हणतात, बाजूला वीज चमकल्यासारखं वाटलं, किंवा एका कडेने सावली सरकत आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दादाला तिन्ही झालं होतं. जेवताना तो हाताने काहीतरी उडवायचा. आईने चिलटं समजून घरभर धूप फिरवला होता.

सावलीबद्दल तो कुणालाच बोलला नव्हता.

व्हिट्रेक्टॉमी नावाचं ऑपरेशन झालं. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढतात, पडदा जागेवर बसवतात आणि तो टेकलेला राहावा म्हणून आत वायूचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा वर जातो, म्हणून पेशंटने मान खाली घालायची. जेवताना, झोपताना, सदैव. डॉक्टरांनी आठवडाभर सांगितलं होतं.

आमचं घर खडकीत आहे. बाबा फॅक्टरीत होते. ते गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, पण खडकी सोडवली नाही. पुढच्या खोलीत दोन उशा लावून दादा पालथा पडून असायचा. सोबत म्हणून मी फरशीवर बसायचे. त्याला माझा चेहरा दिसत नव्हता आणि मला त्याचा. त्यामुळे असेल, आम्ही आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

"बाउटमध्ये कधी तोंडावर पडलो नाही," तो फरशीला म्हणाला. "आता बघ."

लहानपणी तो शाळेत मारामारी करायचा म्हणून बाबांनी त्याला क्लबवर नेलं. तिथल्या कोचने, म्हणजे सरांनी, पहिले कित्येक महिने ठोसा मारूच दिला नाही, नुसते पाय हलवायला लावले. पहिल्या स्पर्धेत तो हरला आणि घरी जिंकलो म्हणून सांगितलं. पुढे खरंच जिंकत गेला. मग तो प्रोफेशनल झाला. तिथे डोक्याला हेडगार्ड नसतं, ग्लोव्हज लहान असतात आणि राउंड जास्त. हॉटेलच्या हॉलमध्ये, लोक जेवत असताना लढलेल्या बाउट त्याने सांगितल्या. "मी ठोसा खातोय, आणि समोरचा माणूस पनीर टिक्का."

शेवटी चँपियनचा पट्टा मिळाला. ती बाउट मी टीव्हीवर बघितली होती. सहाव्या राउंडमध्ये डाव्या डोळ्यावर ठोसा बसला होता, हे मला त्या फरशीवर कळलं.

"मग थांबलास का नाही?"

"लढणारा कधी थांबत नाही, मिनू. थांबवायचं असतं कोपऱ्यातल्याने. रिंगमध्ये टॉवेल टाकायचा, की लढत संपली. म्हणून तर कोपऱ्यात आपला माणूस ठेवतात."

डोळे अधू असलेले बॉक्सर मेडिकल कसं पास होतात, हेही त्याने हसत सांगितलं. डॉक्टर म्हणाले एक डोळा झाका, की वाईट डोळ्यावर एक हात ठेवायचा. दुसरा झाका म्हणाले, की दुसरा हात. डोळा तोच. "डॉक्टर हात बदललेला बघतात. डोळा कोण बघतंय?"

मला ते गमतीचं वाटलं होतं.

वायू हळूहळू विरला. दादाला दिसू लागलं, पण डाव्या डोळ्याने चेहरे पाण्याखाली असल्यासारखे दिसत. तपासणीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "पडदा बसलाय. यापुढे डोक्यावर ठोसा नको. पुन्हा सुटला, तर मी वाचवू शकेन असं सांगणार नाही." आईने हात जोडले. दादाने मान हलवली. तो पंचांसमोर हलवतो तशी.

काही महिन्यांनी सर पेढे घेऊन घरी आले. पट्टा राखायची बाउट ठरली होती.

"सर, डॉक्टर नको म्हणालेत," आई म्हणाली.

"ताई, पडदा बसलाय ना? बसलेला पडदा काय उठून पळतोय?" सर हसले. मग त्यांचा आवाज उतरला. "वीस वर्षं झाली मला शिकवून. एवढाच एक पोरगा इथवर आला. एक बाउट. मग मीच त्याचे ग्लोव्हज खुंटीला टांगतो."

त्यांचा राग करणं मला जमलं नाही. बाबा गेले तेव्हा दादाला बूट त्यांनी घेऊन दिले होते. आईने पेढ्यांचा बॉक्स देवापुढे ठेवला. मी पाणी आणायला आत गेले.

दादा आज क्लबमध्ये मुलांना शिकवतो. त्यांना आधी नुसते पाय हलवायला लावतो. रस्त्याने मी त्याच्या डाव्या बाजूने चालते. मधे बरेच दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता, आणि सर आमच्या घरी अजून येत नाहीत. पण ग्लास टेबलावर राहतो, आणि तो मला ओळखतो ते दोन्ही डोळ्यांनी. त्या डॉक्टरांची मी आभारी आहे, आणि थेंब घालताना चेष्टा करणाऱ्या त्या सिस्टरांचीही. आजारी माणसाचं ऐका, पण त्याच्याकडे बघाही. तो तोंडाने सांगत नाही ते हातांनी करत असतो.

त्या बाउटआधीचं मेडिकल वाघोलीच्या एका क्लिनिकमध्ये होतं. ऑपरेशनवाले डॉक्टर शहरात होते, हे वेगळे. अंधार पडू लागला की दादाला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी त्याला स्कूटरवर नेलं. पार्किंगमध्ये हेल्मेट काढताना तो म्हणाला, "आत आमच्या मॅडमनी नेहमीसारखं गप्प बसायचं. तेवढं तर तुला जमतं."

सर आधीच येऊन थांबले होते. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. बाहेर रांग होती. त्यांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली.

"पूर्वी काही ऑपरेशन वगैरे?"

"नाही," दादा म्हणाला.

सर खिडकीतून नगर रोडचं ट्रॅफिक बघू लागले. मी दाराजवळच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

"तक्ता वाचा. डावा डोळा झाका."

दादाने डाव्या हाताने डावा डोळा झाकला. शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचली.

"छान. आता दुसरा."

त्याने डावा हात खाली घेतला आणि उजवा वर नेला. तो तोंडावरून आडवा गेला, कोपर वर, गार्डमध्ये असतं तसं. पुन्हा तो भराभर वाचू लागला. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. सर अजून खिडकीकडेच होते. वाचता वाचता दादाचा उघडा डोळा तक्त्यावरून माझ्यावर आला आणि तिथेच थांबला.

मी उठून उभी राहिले. पर्स खाली पडली.

"डॉक्टर, याने दोन्ही वेळा डावाच डोळा झाकलाय. त्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. याला लढू देऊ नका."